दुपट्यांच्या टोपलीतली पिल्लं

शनिवार, ३ जानेवारी

ही वही खरं तर माझी नाही. नातीच्या पाचवीला आणलेली आहे. पाचव्या दिवशी पाटावर कोरी वही आणि पेन ठेवायचं, मग सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते, असं आमच्याकडं असतं. पुण्याला मुलाच्या, राकेशच्या घरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मी सगळं मांडलं होतं. सटवाईचं लिहिणं माणसाला दिसत नाही, तेव्हा वही कोरीच राहिली. चांगली शंभर पानी वही टाकायची कशाला, म्हणून येताना पिशवीत घातली. पहिलं पान सोडलंय. ते तिचं. दुसऱ्यापासून माझं.

माझी शाळा तिसरीपर्यंत. पुढं धाकटा भाऊ झाला, त्याला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून मी घरी राहिले ती राहिलेच. पण अक्षर मोठं आणि सुटं आहे. हे म्हणायचे, मैना, तुझी सामानाची यादी लांबूनच वाचता येते. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. आता यादी मीच करते आणि मीच वाचते.

लिहायला बसले कारण आज एवढी मोठी गोष्ट झाली आणि सांगायला कुणी नाही. शेजारची लताबाई भाचीच्या साखरपुड्याला वणीला गेलीय. राकेशला फोन केला तर म्हणाला, आई, मीटिंग आहे, नंतर करतो.

तर गोष्ट अशी. नातीसाठी मी जुन्या मऊ लुगड्यांची बारा दुपटी शिवली होती. पुण्याला नेली तर पिंकी म्हणाली, असू द्या आई, हॉस्पिटलनं दिलीत. पिंकी म्हणजे माझी सून. बिचारीला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण असून मी गेले होते. दुपटी परत आणून पलंगाखाली टोपलीत ठेवली. आज सकाळी झाडायला वाकले तर टोपलीतून कुणीतरी फिस्स केलं. बघते तर कबरी! कॉलनीत फिरते ती मांजर. आणि तिच्या पोटाशी चार पिल्लं, ओली, डोळे मिटलेली, उंदराएवढी.

मला इतकं हसू आलं. म्हटलं, बाई, तुला बरोबर कळलं दुपटी कशासाठी असतात.

नात झाल्यापासून मला कुणी कसं काय विचारलं की मी नात झाली एवढंच सांगते. दूधवाल्याला सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं. दूधवाल्याला दोनदा. आठ डिसेंबरची आहे. नाक ह्यांच्यावर गेलंय. नाव अजून ठेवलेलं नाही, बारसं सव्वा महिन्यानंतर करू म्हणालेत. मला बोलवतील तेव्हा जाईन. पिशवी भरलेलीच आहे, फक्त चप्पल घालायची.

रविवार, ४ जानेवारी

एक पिल्लू सकाळी गेलेलं होतं. बारकंच होतं. कडुलिंबाखाली पुरलं.

बाकीची तीन पीत नाहीत. तोंड लावतात, चुळबुळ करतात, सोडून देतात. आणि कबरीचं मला कळेना. पिल्लू जवळ आलं की उठून लांब जाऊन बसते. एकदा तर पंजा मारला. मी तिला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, काय आई आहेस का कोण आहेस तू? आमच्या वेळी खुरपणीला जायचो, बांधावर बाळ ठेवून, तरी अंगावर पाजायचो. तुला तर बसल्या जागी दूध-भाकरी मिळते!

ती भिंतीकडं तोंड करून बसली.

संध्याकाळी राकेशचा व्हिडिओ कॉल आला. बाळ दिसलं, अर्धा मिनिट असेल, मग पंखा दिसला, मग परत बाळ. जांभई दिली तिनं! एवढंसं तोंड. मी म्हटलं, पिंकी कुठंय? तर म्हणाला, झोपलीय. पण तिचं कोपर दिसत होतं, हलत होतं. झोपेत हलत असेल.

मी बाळगुटीचं पार्सल पाठवलंय कुरिअरनं, सहाण आणि मुरुडशेंग, हळकुंड, सगळं. विचारलं तर म्हणाला, हो मिळालं, रोज देतो. मागं टेबलावर तेच पार्सल दिसलं, त्याला माझी सुतळी तशीच बांधलेली. देऊन झाल्यावर परत बांधून ठेवत असतील. नीटनेटकी आहे सून, ते म्हणायलाच हवं.

पिल्लांचं त्याला सांगितलं. म्हणाला, आई, हात धू नीट.

सोमवार, ५ जानेवारी

आज मी कामाला लागले. ह्या कॉलनीत अकरा बाळं मी न्हाऊ घातलीत. मला तीन मांजरं भारी नाहीत.

गाईचं दूध कोमट केलं, थोडं पाणी, चिमूटभर साखर. कापसाची वात केली. भिंतीला टेकून पाय लांब केले, पिल्लाला दोन्ही पायांच्या मध्ये उताणं ठेवलं, जसं बाळाला ठेवतात, आणि वात पिळून तोंडात थेंब थेंब सोडला. प्यायलं! एक शिंकलं, नाकातून थोडं आलं, पण बाळाचंही येतं, वर धरून पाठ चोळली की झालं. तिघांना पाजलं. अंग मात्र गार लागतं त्यांचं, बर्फासारखं. म्हटलं, पोटात गेलं की येईल ऊब.

लताबाई वणीहून आली. कुंपणावरूनच ओरडली, "काय वो मैनाबाई, नातीला सोडून मांजराची बाळंतपणं करता व्हय?"

मी म्हटलं, "अहो, नातीची करूनच आले."

"वीस दिसात? सव्वा महिना थांबायचं व्हतं ना. काढून दिलं की काय तुमाला?"

लताबाईचं तोंड असंच आहे. मला राग आला, पण तिनं पेढे आणले होते, म्हणून गप्प बसले.

काढून कशाला देतील? झालं असं की एक दिवस बाळ अंगावर घेईना, नुसतं रडत होतं. पिंकीही रडत होती. मी म्हटलं, अगं रडून दूध येतं का? आणि बाळाला मधाचं बोट लावलं, आमच्याकडं पहिल्या दिवसापासून लावतात. बाळ गप्प झालं, बोट चोखायला लागलं. पिंकीनं वळून बघितलं. बाळाला उचललं, आत गेली, दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी राकेश बसचं तिकीट घेऊन आला. म्हणाला, आई, इथं थंडी फार आहे, तुझे गुडघे धरतील, तू घरी जाऊन आराम कर. किती काळजी त्याला! नाशिकची थंडी पुण्यापेक्षा जास्त, पण तो आता पुण्याचाच झालाय, त्याला कुठलं आठवायला.

पेढा चांगला होता. एक ठेवलाय.

मंगळवार, ६ जानेवारी. सकाळी

शिंकणारं गेलं. छाती घरघर वाजत होती. माझ्या हातात गेलं.

आज अंगारकी, उपास आहे. दर्शनाला जाणार होते. आता दवाखान्यात जाते.

त्याच दिवशी, दुपारी

सगळं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

कबरीला झाकणाच्या टोपलीत कोंबलं, वरून लुगडं बांधलं. दोन पिल्लं पोलक्यात ठेवली, दुसरीकडं जागा नव्हती. लताबाई सोबत आली. रिक्षात म्हणते, "अंगारकीला लोक गणपतीला जात्यात, आमी चाललो उंदीर खाणारीला घेऊन." रिक्षावाला इतका हसला की खड्ड्यात गेला.

जनावरांच्या दवाखान्यात आमच्या पुढं एक शेळीवाला होता. म्हणाला, "मावशी, मांजरासाठी लाईन लावता? मांजरं काय, आपली होत्यात आन जात्यात."

लताबाई म्हणाली, "तुमच्या शेळीला पन आमी काय म्हनलो का?"

डॉक्टरीण म्हणजे पोरगीच, पिंकीच्या वयाची. मी पोलक्यातून पिल्लं काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, पीत नाहीत, दोन गेली, मी वातीनं पाजते. तिनं विचारलं, कसं धरून? मी दाखवलं. ती म्हणाली, "आजी, माणसाचं बाळ नाही हे. ह्याला पालथंच धरायचं, जसं ते आईजवळ पितं. उताणं धरलं की दूध छातीत जातं."

मी म्हटलं, "म्हणजे ते सकाळचं?"

ती म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं ना."

चांगली पोरगी. हो म्हणाली नाही.

मग तिनं सांगितलेलं. गार पिल्लाला दूध द्यायचं नाही. गार पिल्लू चोखू शकत नाही आणि पोटात गेलेलं त्याला पचत नाही. आधी ऊब, मग दूध. बाटलीत गरम पाणी भरून तिला पायमोजा घालायचा आणि शेजारी ठेवायची. गाईचं दूध बंद, पिल्लांची पावडर मिळते ती. बिनसुईच्या पिचकारीनं, दर दोन तासांनी. पाजून झालं की ओल्या कापसानं खालून पुसायचं, आई चाटते तसं, म्हणजे शू होते. शू झाली की समजायचं, आत सगळं चालू आहे. आणि रोज वजन.

मी विचारलं, "बाळाला लावतात तसं मधाचं बोट लावू का?"

"कुठल्या बाळाला?" तिनं एकदम वर बघितलं. "आजी, वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका हं. जिवावर बेततं कधी कधी."

मी म्हटलं, छे, कुठं देते. आणि कबरीच्या टोपलीचं लुगडं सोडायला लागले.

एवढं झाल्यावर ती म्हणाली, "आता मला सांगा, आईचं काय? आईला कुणी बघितलं?"

मी म्हटलं, "तिला काय झालंय? ती पाजतच नाही, पंजा मारते."

तिनं कबरीला हळूच आडवं केलं, पोटावर हात फिरवला, मला म्हणाली, इथं हात लावा. मी लावला. एका बाजूला दगडासारखी गाठ, आणि भाजावं इतकं गरम. कबरी ओरडली. "दूध साचून गाठ झालीय," डॉक्टरीण म्हणाली. "ताप आहे तिला. पिल्लानं तोंड लावलं की जीव जातो दुखून, म्हणून उठते. वाईट आई नाहीये, आजी. आजारी आहे."

सुई दिली, औषध दिलं, गरम फडक्यानं शेकायला सांगितलं. येताना कबरीची टोपली लताबाईनं स्वतःच्या मांडीवर घेतली.

बुधवार, ७ जानेवारी

आज पिल्लांची पाचवी.

कुणाला सांगणार नाही, पण पाट मांडला. सुपारी, हळदकुंकू, आणि ही वही, पण शेवटचं पान उघडून. पहिलं नातीचं आहे. पेन शेजारी ठेवलं. स्वतःलाच हसले. म्हटलं, सटवाईबाई, तू माणसांची कामं आटपून दमली असशील, पण वाटेत आहे घर, बघ जमलं तर.

एक पिल्लू पांढऱ्या पायांचं आहे, ते पिचकारी चोखतं. दुसरं बारकं, काळं. ते तोंडच उघडत नाही, थेंब ओठावरून खाली येतो. त्याला दिवसभर पोलक्यातच ठेवलंय. भाकरी करताना, झाडताना, पोथी वाचताना. माझ्या छातीला लागून एवढासा जीव टकटक करतो. किती वर्षांनी काहीतरी असं अंगाशी आहे.

पाटापुढं बसूनच बारक्याला पालथं धरलं आणि ओल्या कापसानं पुसत होते. कालपासून त्याला शू झालेली नव्हती. आणि काय सांगू! झाली! ती नेमकी सटवाईच्या पानावर.

मी "अगंबाई" म्हणून ओरडले तर भिंतीपलीकडून लताबाई, "काय झालं? पडलात का?"

"शू झाली!"

"कुनाला?"

"बारक्याला!"

मग म्हणाली, "बरं झालं बाई. चहा टाकते, या."

पिवळा गोल डाग पडलाय पानावर. माझ्या मते लिहिलं तिनं.

शुक्रवार, ९ जानेवारी

वजन करायला कोपऱ्यावरच्या भिकनच्या किराणा दुकानात जाते. त्याचा काटा चांगला आहे. पहिल्या दिवशी त्यानं शेंगदाण्याचं ताट उचलून पांढऱ्या पायांचं ठेवलं आणि विचारलं, "मावशी, काय भाव लावता?"

मी म्हटलं, "तुझ्या डाळीत खडे असतात, ह्यात नाहीत. तू बोल भाव."

गिऱ्हाइकं हसली. पण आता तो ताटावर आधी रुमाल टाकतो, आणि काटा पिल्लाला गार लागू नये म्हणून हातानं पुसतो. मी न सांगता. पांढऱ्या पायांचं एकशे चार ग्रॅम. बारकं एक्याऐंशी.

कबरीला दिवसातून चारदा शेकते. गरम पाण्यात फडकं पिळून. आधी हात लावू देत नव्हती. आज डोळे मिटून पडून राहिली.

शेकता शेकता पिंकी आठवली, का कोण जाणे. पुण्याला ती अशीच पडायची. भिंतीकडं तोंड करून. छातीजवळ ब्लाऊज ओला, आणि वर शाल पांघरलेली, भर दुपारी. मी म्हणायची, अगं ऊन आलंय, शाल कशाला? एकदा तिच्या हाताला हात लागला तर गरम लागला. मी म्हटलं, बाळंतिणीचं अंग गरमच असतं.

बाळाला तेल लावायला मी दिवसातून तीनदा जायची त्या खोलीत. बाळाची टाळू भरायची, डोळ्यांत काजळ घालायची, नाक ओढायची. बाळाला अगदी तळव्यापर्यंत बघितलं मी.

असो. फडकं गार झालं.

रविवार, ११ जानेवारी

बारकं एकोणऐंशी. काल त्र्याऐंशी होतं.

तोंड उघडत नाही. राकेशचा फोन येईल म्हणून वाट बघितली. रविवारी करतो तो. जमलं नसेल.

गरम बाटल्या दोन केल्यात. एक इकडून, एक तिकडून. मी मध्ये बारक्याला धरून बसलेय. रेडिओ लावला होता, बंद केला. घरात आवाज नको वाटतो आणि नसला तरी नको वाटतो.

मंगळवार, १३ जानेवारी

आज भोगी. भाजी केली, बाजरीची तीळ लावून भाकरी केली. एकटीसाठी भोगीची भाजी करायची म्हणजे सगळं एकेक. एक गाजर, एक वांगं, चार घेवड्याच्या शेंगा. भिकन म्हणाला, मावशी, एवढं तर मी चव बघायला देतो.

पण खरी गोष्ट ती नाही. भाकरी थापताना मागं आवाज आला, घुर्रर्र. मिक्सरसारखा. वळून बघितलं तर कबरी टोपलीत आडवी पडलेली, आणि पांढऱ्या पायांचं तिच्या पोटाला चिकटलेलं, दोन्ही पंजांनी दाबतंय. ती उठली नाही. पंजा मारला नाही. गाठ कालच मऊ झाली होती.

मी बारक्याला पोलक्यातून काढलं. चांगलं गरम होतं. हळूच ठेवलं तिच्यापाशी. ते इकडं तिकडं डोकं हलवत राहिलं. कबरीनं त्याला एकदा पाठीवरून चाटलं. मग त्याला सापडलं.

भाकरी करपली. तशीच खाल्ली.

मग रडले थोडी. आनंदानंच असेल.

बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

सकाळी राकेशचा फोन. तिळगूळ घ्या झालं. बाळ दाखवलं, गाल भरलेत. मी म्हटलं, पिंकीला दे.

"आई, ती जरा..."

"राकेश, दे तिला. बाळ नको दाखवू. तिलाच दे. आणि तो चेहरा दिसायचा बंद कर, साधाच फोन."

बराच वेळ नुसता खरखर आवाज. मग पिंकी आली. "हं आई, बोला." कोरडं.

मला काय बोलायचं ते पाठ केलं होतं मी, पण गेलं सगळं. म्हणून मांजरांचं सांगायला लागले. चार होती, एक आपोआप गेलं, आणि एक मी मारलं. ती म्हणाली, म्हणजे? मी म्हटलं, "उताणं धरून पाजलं, बाळासारखं. मला वाटलं मला येतं. दूध छातीत गेलं त्याच्या."

ती गप्प.

"आणि त्या मांजरीला मी इतकं बोलले, पाजत नाही म्हणून. तिला गाठ होती गं. दगडासारखी. ताप होता. डॉक्टरीण म्हणाली, आईला कुणी बघितलं का? मी नव्हतं बघितलं."

मला वाटलं फोन कट झाला. मी म्हटलं, "पिंकी, तुला दुखत होतं का?"

मग असा आवाज आला, जसं माणूस तोंडावर हात दाबून रडतं. मी थांबले. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तीन दिवस ताप होता मला. तुम्ही होतात तेव्हा. मला वाटलं सगळ्यांना असंच होतं, आणि मलाच सोसत नाही."

मी घरात होते. शेजारच्या खोलीत मेथीचे लाडू वळत होते. तिच्यासाठीच.

पुढं ती खूप बोलली. काही मला कळलं, काही नाही. बाळ चोखेना म्हणून किती भीती वाटायची, आई असती तर काय सांगितलं असतं ह्याचा विचार करायची, मध लावला तेव्हा तिला वाटलं की आता आपलं बाळ जाणार. मी आमच्या वेळी असं तसं काही म्हटलं नाही. जिभेवर आलं होतं दोनदा. फक्त हं म्हटलं. शेवटी म्हटलं, "मध नको होता लावायला."

ती म्हणाली, "हो आई. नको होता."

बस. एवढंच. पण बरं वाटलं, गळू फुटल्यावर वाटतं तसं.

मग म्हणाली, "आई, ती मांजरं लताकाकूंकडे ठेवता येतील का थोडे दिवस?"

एकोणीस दिवस मी ह्या बोलण्याची वाट बघत होते. पिशवी दारामागंच आहे. पण टोपलीत बारकं नुकतं प्यायला शिकलेलं, आणि कबरीची सुई अजून एक राहिलीय. मी म्हटलं, "आठ दिवस तरी हलता येत नाही गं मला."

म्हटलं खरं, आणि लगेच भीती वाटली. आता ही म्हणेल, बरं, राहू द्या.

म्हणून घाईघाईनं म्हटलं, "शनिवारी तुझा सव्वा महिना होतो. तूच ये. सासरी नको येऊ. माहेरी येतात तशी ये. काम करायचं नाही, झोपायचं. बाळाला मी तू सांगशील तेव्हाच घेईन."

ती म्हणाली, "बघते."

बघते म्हणजे काय ते मला कळत नाही. ह्यांच्या बोलण्यात बघतो म्हणजे नाही असायचं.

शुक्रवार, १६ जानेवारी

बारकं ब्याण्णव ग्रॅम! भिकननं शेंगदाण्याच्या ताटात चिमूटभर तीळ ठेवून आरती केल्यासारखं केलं.

कालचा अख्खा दिवस फोन नाही. मी आपली दुपटी धुतली. कबरीखाली टोपलीत चार आहेत ती नाही, बाकीची आठ. उकळत्या पाण्यात, दोनदा. लताबाई म्हणाली, "एवढी उकळलीत, आता आमटीत टाका." मी म्हटलं, वाळली की घडी करून कपाटात ठेवते. तिनं मागितली तर द्यायची. नाही मागितली तर कबरीच्या पुढच्या बाळंतपणाला होतील.

पिशवीही सोडली. लुगडी परत फळीवर ठेवली. रिकामी पिशवी किती लहान दिसते.

आता चार वाजता राकेशचा फोन आला. म्हणाला, "आई, उद्या सकाळी गाडी काढतोय. मी सोडून परत येईन, ह्या दोघी राहतील. पिंकी विचारते, नाशकात थंडी किती आहे?"

मी म्हटलं, "आहे. पुण्याहून जास्त. नेहमीच असते."

तो काही बोलला नाही. त्यालाही ते माहीत होतं, हे मला आत्ता कळलं.

मी म्हटलं, "तिला सांग, खोली आधी गरम करून ठेवते."

गरम पाण्याच्या बाटल्या दोन आहेत, त्या पिल्लांच्या. आणखी दोन लताबाईकडून आणायच्या. एक बाळाला. एक पिंकीला.